आधी चिंधी, मग साडी

लाल रंगाचं आधी सांगते, कारण मला अक्कल त्यानेच शिकवली. भाचीच्या बारशासाठी बाळंतविडा करायला घेतला होता. मऊ मलमलचं दुपटं, चारी कोपऱ्यांत मोर आणि मोराच्या तुऱ्याला झगझगीत लाल रेशमी दोरा. एरवी मी साध्या सुती दोऱ्याने भरते, हा दोरा पहिल्यांदाच घेतला होता. भुलेश्वरच्या एका गल्लीत, फुटपाथवर, चार लड्या पन्नास रुपयांना. "कलर पक्का है ना?" असं विचारलं तर, "एकदम पक्का, बहनजी." महिनाभर रोज रात्री जेवणं उरकल्यावर ते भरत बसले. बारसं झालं, कौतुक झालं. मग बाळाने बाळाचं काम केलं, वहिनीने दुपटं भिजवलं आणि चारही मोर गुलाबी डबक्यात उभे राहिले. वहिनी काही बोलली नाही. ती बोलली असती तर बरं वाटलं असतं.

त्या विक्रेत्याला मी दोष देत नाही. त्याने दोरा विकला, भरला मी. वीतभर दोरा चिंधीवर भरून भिजवला असता तर दहा मिनिटांत कळलं असतं. तेव्हापासून घरात आलेलं कुठलंही नवं साहित्य आधी चिंधीवर जातं. मग तो दोरा असो, तार असो, नाहीतर दुधाची पिशवी. हो, दुधाची पिशवीसुद्धा. तिच्याकडे येतेच.

चिंधी म्हणजे हाताला लागेल तो तुकडा नव्हे. मी मांजरपाट वापरते. अर्धा मीटर आणायचा, गरम पाण्यात धुवून त्याची खळ काढायची, वाळवून इस्त्री करायची आणि सहा इंच बाय चार इंचाचे तुकडे कापून ठेवायचे. न धुतलेलं कापड नंतर आटतं, मग सुरकुती दोऱ्यामुळे आली की कापडामुळे, ते समजत नाही. आमच्या घरात अशा तुकड्यांची कधी कमतरता नव्हती. बाबा लालबागच्या एका गिरणीत साचाखात्यात, म्हणजे मागांवर, होते आणि गिरणीतलं फेंट, म्हणजे तागा संपताना उरलेले तुकडे, स्वस्तात घरी यायचं. जानेवारी १९८२मध्ये गिरण्यांचा संप सुरू झाला आणि फेंट यायचं थांबलं, पगारही थांबला, तो भाग वेगळा. पण बाबांची एक सवय माझ्याकडे राहिली. कुणी नवं कापड दाखवलं की ते कडेचा एक धागा उपसायचे आणि काडी ओढून पेटवायचे. बायका ओरडायच्या.

ती परीक्षा तुम्हीही करा, फक्त मोरीत करा, चिमट्यात धरून, शेजारी पाण्याचा तांब्या ठेवून. सुती धागा भुरकन जळतो, कागद जळल्यासारखा वास येतो आणि मऊ राखाडी राख उरते. खरं रेशीम सावकाश, कुरकुरत जळतं, ज्योत बाजूला केली की बहुधा विझतं, आणि वास केस जळल्याचा. पॉलिस्टर जळण्याआधी वितळतं आणि टोकाला कडक काळा मणी तयार होतो. तो मणी गरम असताना बोट लावू नका, चिकटतो. दुपट्याचं प्रकरण झाल्यावर तो लाल दोरा मी जाळून पाहिला. कागदासारखा जळला. म्हणजे रेशीम नव्हतंच, व्हिस्कोस होतं, लाकडाच्या लगद्यापासून केलेला कृत्रिम धागा. बाजारात 'सिल्क थ्रेड' म्हणून मिळणाऱ्या चमकदार लड्यांत हे पुष्कळ असतं. वाईट नाही ते. चमक सुंदर असते, पण स्वभाव अवखळ. सुईतून सुटतं, गाठ धरत नाही, पदर भांडतात. हातभरापेक्षा लांब दोरा घ्यायचा नाही आणि ओवण्याआधी ओलसर स्पंजवरून एकदा ओढायचा, म्हणजे शहाण्यासारखं वागतं.

आता चिंधीवर नमुन्याची पट्टी कशी करायची ते. एकच नियम पाळा, बाकीचे मोडलेत तरी चालेल: एका वेळी एकच गोष्ट नवी. दोरा नवा असेल तर कापड, सुई आणि टाका ओळखीचा हवा. कापड नवं असेल तर दोरा रोजचा. दोन्ही नवं घेऊन बसलात आणि काम गोळा झालं, तर दोष कुणाच्या पदरात घालणार?

पट्टीवर मी चार टाके घालते: धावदोरा, साखळी, भरीव पानाचा टाका आणि चार-पाच गाठी. दोरा कुठे फिसकटतो, कुठे पीळ सुटतो, ते या चारांत समजतं. मग पट्टीचे दोन भाग करायचे. एक जसाच्या तसा ठेवायचा, दुसऱ्याचे हाल करायचे. आधी ओल्या पांढऱ्या रुमालाने दहा-बारा वेळा चोळायचं. रुमालाला रंग लागला तर तिथेच विषय संपला. नाही लागला तर साबणाच्या कोमट पाण्यात अर्धा तास भिजवायचं, पांढऱ्या कपड्याच्या तुकड्यात गुंडाळून पिळायचं आणि तसंच गुंडाळलेलं तासभर ठेवायचं. लाल, काळा आणि गडद निळा हे तीन रंग मी हमखास दोनदा तपासते. मिठाच्या किंवा व्हिनेगरच्या पाण्यात बुडवलं की कच्चा रंग पक्का होतो असं सगळे सांगतात. मी दोन्ही करून पाहिलं. रंग गेला तो गेलाच.

आणि भरलेल्या कामाचा रंग सुटलाच, तर घाबरून ते वाळत घालू नका. वाळलं की डाग बसला. गार पाण्यात बुडवून ठेवा, पाणी रंगलं की बदला, पुन्हा बदला. वेळ पडली तर रात्रभर. वहिनीने दुपटं कडक उन्हात घातलं होतं. तिला कोण सांगणार, आणि कुठल्या तोंडाने.

उन्हाची परीक्षा मात्र निवांत असते. पट्टी खिडकीत लावायची, अर्ध्या भागावर पुठ्ठा आणि पंधरा दिवस विसरून जायचं. पुठ्ठा काढल्यावर दोन्हीकडचा रंग सारखा दिसला तर भिंतीवर लावायच्या कामाला घ्या. नाही दिसला तर ब्लाउजपुरतं.

या पट्ट्या मी एका दोनशे पानी लाँगबुकात लावते. सुरुवातीला स्टेपलरने लावायचे. पहिल्याच पावसाळ्यात पिना गंजल्या आणि प्रत्येक चिंधीवर दोन तपकिरी ठिपके पडले. आता चार धावदोऱ्यांनी शिवते. बाजूला लिहायचं: तारीख, कुठल्या गल्लीतून आणलं, किती पैसे, किती पदर, सुईचा नंबर, आणि शेवटी एक शेरा. शेरा खरा लिहायचा. माझ्या वहीत एका पानावर नुसतं 'नको' लिहिलंय, आणि तो दोरा मी पुढे दोनदा विकत आणला आहे. तेव्हा खरेदीला निघण्याआधी वही चाळत जा, एवढंच.

सुईचं थोडक्यात. नंबर वाढतो तशी सुई बारीक होते. लडीच्या सहा पदरांतले दोन घेतलेत तर ८ किंवा ९ नंबर, जाड दोऱ्याला आणि लोकरीला मोठ्या नेढ्याची २० किंवा २२, जाळीवर बोथट टोकाची. नवा दोरा सारखा पिंजत असेल तर त्याला नावं ठेवण्याआधी एक नंबर कमी, म्हणजे जरा जाड सुई लावून बघा. निम्म्या तक्रारी नेढ्याच्या असतात.

आता एकेक साहित्य. सगळी सांगत नाही, ज्यांनी मला छळलं किंवा जिंकलं तीच.

जरीपासून सुरू करू, कारण फसगत तिथे सगळ्यात महाग पडते. अस्सल जरी म्हणजे रेशमी धाग्यावर चांदीची चपटी तार गुंडाळलेली आणि वर सोन्याचा मुलामा. त्याखालची 'टेस्टेड' म्हणतात ती तांब्याच्या तारेवर चांदी चढवलेली. आणि रोज दिसते ती प्लॅस्टिकच्या पातळ फिल्मची. ती हलकी, स्वस्त, काळी पडत नाही, पण गरम इस्त्री लागली की आक्रसते. तिन्ही आपापल्या जागी चांगल्या, फक्त हातात कुठली आहे ते माहीत हवं. धातूच्या जरीने कापडातून वर-खाली टाके घालायला जाल तर तार उसवून आतला धागा उघडा पडेल. ती कापडावर आडवी ठेवायची आणि बारीक दोऱ्याने वरून बांधत जायची. शेवटचं टोक तेवढं जाड सुईने मागे ओढायचं.

मुंबईच्या हवेत चांदीची जरी काळवंडते, आणि आपण ती काळवंडायला मदतही करतो. जरीच्या रिळांना रबरबँड लावून ठेवायचा माझा शिरस्ता होता. रबरात गंधक असतं आणि गंधकाने चांदी काळी पडते. जिथे रबर तिथे बरोबर काळा पट्टा. आता पांढऱ्या मलमलमध्ये गुंडाळते आणि औषधांच्या, बुटांच्या खोक्यांत येतात त्या सिलिका जेलच्या पुड्या जमवून डब्यात टाकते. डांबरगोळी जरीला चिकटवून ठेवू नका, आणि साडी नेसल्यावर जरीवर सेंट मारू नका.

दबका तुम्ही पाहिला नसेल तर एकदा वजनावर थोडासा आणा. स्प्रिंगसारखी गुंडाळलेली बारीक, पोकळ तार असते. तिचे तुकडे करायचे आणि मण्यासारखे ओवायचे. मी पहिल्यांदा ताटलीत कापायला बसले. कात्री मिटली की तुकडा टणकन उडायचा, कधी फ्रिजखाली, कधी माझ्या चहात. मग खोलगट वाटीत, तळाशी मखमलीचा तुकडा घालून कापायला लागले. तुकडा उडतो, पण भिंतीला लागून परत मखमलीवर पडतो आणि तिथेच थांबतो. कात्री जुनी घ्या, चांगलीची धार जाईल. तुकडा जेवढी जागा भरायची तेवढाच हवा. केसभर मोठा झाला तर तो कमान करून उभा राहतो आणि छोटा झाला तर दोरा दिसतो. आणि सुईवर घेतल्यावर ओढायचं नाही, नुसतं बसवायचं. ओढलंत की स्प्रिंग उलगडली, ती परत मिटत नाही.

पाण्यात विरघळणाऱ्या फिल्मची मला फार हौस होती. मशीन एम्ब्रॉयडरीचं सामान विकणाऱ्यांकडे मीटरवर मिळते. पारदर्शक कागद म्हणा. रिंगेत ताणायची, तिच्यावर भरायचं, पाण्यात टाकायची. फिल्म विरघळते आणि मागे नुसत्या दोऱ्यांची जाळी उरते, कापड नाहीच. मी आणली जुलैत. बाहेर धो धो पाऊस, घरात घामाच्या धारा. तासाभरात फिल्म चिकट व्हायला लागली आणि अंगठा टेकायचा तिथे भोक. जी पाण्यात विरघळते ती दमट हवेत आणि घामानेही विरघळणारच, हे मला रिंग हातात वितळायला लागल्यावर सुचलं. तेव्हा हे काम दिवाळीनंतर काढा. आणि पावसाळ्यात हौस आवरत नसेल तर फिल्म दुहेरी घ्या, पंख्याखाली बसा आणि उरलेली झिपच्या पिशवीत, सिलिकाची पुडी घालून ठेवा.

दुसरी मेख अशी की खाली कापड नसल्यामुळे दोऱ्यांनीच दोऱ्यांना धरायचं असतं. आधी आडव्या-उभ्या रेघांची चौकट भरायची आणि पुढचा प्रत्येक टाका तिच्यात कुठेतरी अडकवायचा. माझं पहिलं पान पाण्यात टाकलं तर पाच मिनिटांत वाडग्यात हिरव्या शेवया. धुताना कोमट पाणी घ्या. पूर्ण धुतलं तर काम मऊ होतं, थोडी फिल्म राहू दिली तर खळ दिल्यासारखं ताठ. कानातल्यांसाठी मी मुद्दाम अर्धवट धुते.

तंगूस, म्हणजे मासेमारीच्या जाळ्यांचा पारदर्शक नायलॉनचा धागा, मला मासेवाल्या मावशींनी दिला. मणी ओवलेला दोरा दिसू नये म्हणून काय वापरावं असं मी सहज बोलले, तर दुसऱ्या दिवशी पापलेटांबरोबर एक छोटं बंडल. त्यांचा मुलगा जाळी विणतो. बारीक तंगूस घ्या, ०.१५ ते ०.२० मिलिमीटर, त्याच्यावरचा ताठ राहतो आणि कापड ओढतो. काचेच्या मण्यांखाली तो खरोखर दिसत नाही. पण गाठ मारली की सुटते. मावशींना सांगितलं तर त्या हसल्या. "आधी थुंकी लाव, मग आवळ. आणि दोन वेढे जास्त दे." नायलॉन कोरडा आवळला की घासून गरम होतो आणि गाठ कमजोर पडते, ओला आवळला की घट्ट बसतो. कापलेलं टोक मात्र काट्यासारखं टोचतं. ते मण्यांच्या पोटातून परत फिरवून आणा. लहान मुलांच्या कपड्यांवर तंगूस नको, आणि त्याच्यावर इस्त्री तर मुळीच नको.

तांब्याची तार आमच्या खालच्या पंखेवाल्याकडून येते. जळलेलं वायंडिंग तो भंगारात देतो, त्यातली चांगली राहिलेली गुंडी मी चहाच्या मोबदल्यात आणते. ३६ नंबरची तार घ्या, साधारण ०.१९ मिलिमीटर. इथेही सुईसारखंच, नंबर मोठा तर तार बारीक. मध काढल्यासारखा सोनेरी-तपकिरी रंग असतो, तिच्यावरच्या इनॅमलमुळे हिरवी पडत नाही. तारेला पीळ पडू द्यायचा नाही. एकदा कोन पडला की सरळ केला तरी तिथेच तुटणार. वीतभरच तुकडा घ्या, जाड सुईने आधी भोक पाडा आणि तार हाताने आत सोडा. फुलाच्या पाकळीची कड अशी बांधली की पाकळी वळवून उभी करता येते. धुवायच्या वस्तूला वापरू नका.

दुधाची पिशवी. नीट धुवून, कापून, वाळवून घ्यायची, नाहीतर आठवड्याने घरात वास फिरतो. चार ते सहा थर एकमेकांवर, खाली-वर बटर पेपर आणि इस्त्री रेशमाच्या खुणेवर. दाबून दहा सेकंद, मग बघा, मग पुन्हा. जास्त तापली तर चाळण होते, ती मला आवडते, पण खिडक्या उघड्या हव्यात आणि धूर दिसला की इस्त्री बाजूला. गार झाल्यावर लेदरसारखा पत्रा मिळतो, निळ्या अक्षरांचे तुकडे अडकलेला. याच्यावर टाके लांब घाला. जवळजवळ घातलेत तर पोस्टाच्या तिकिटासारखं ओळीत फाटतं, आणि एकदा पडलेलं भोक बुजत नाही, त्यामुळे उसवायची सोय नाही. मुलीच्या मते हे सगळं भंगार आहे. तिच्या मोबाइलचं कव्हर याचंच आहे.

रंगाचा एक प्रयोग दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी होतो. दारावरची तोरणं उतरतात, दादरच्या फूलबाजाराबाहेर झेंडूचे ढीग पडतात. शंभर ग्रॅम सुती कापड असेल तर आधी हिरड्याच्या पाण्यात रात्रभर, मग पंधरा ग्रॅम तुरटी विरघळवलेल्या पाण्यात तासभर. दोनशे ग्रॅम पाकळ्या उकळून गाळलेल्या पाण्यात कापड मंद आचेवर तासभर ठेवा आणि तसंच गार होऊ द्या. हळदीपेक्षा शांत पिवळा येतो. त्याच पाण्यात चिमूटभर हिराकस, म्हणजे लोहाचा क्षार, टाकलीत तर पिवळ्याचा शेवाळी हिरवा होतो, डोळ्यांदेखत. चिमूटभरच. लोह जास्त झालं की काही वर्षांत कापड कुजतं. भांडं स्वयंपाकाचं नको. माझा एक पोचा आलेला टोप आहे, त्याच्यावर ऑइलपेंटने 'रंग' असं लिहून ठेवलंय, तरी सासूबाईंनी त्यात एकदा बटाटे उकडले होते. तेव्हापासून तो माळ्यावर असतो.

नक्षी उतरवायच्या पेनांबद्दल दोनच गोष्टी. पाण्याने जाणारं निळं पेन वापरलंत तर धुण्याआधी इस्त्री करू नका, रेघ कायमची बसते. आणि उष्णतेने उडणारं पेन असेल तर चिंधीवर रेघ मारून, इस्त्रीने उडवून, चिंधी रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा. कडाक्याच्या थंडीत रेघ परत येते. मुंबईत हे जन्मभर कळणार नाही, पण तुमची उशी थंड देशातल्या कुणाकडे जाणार असेल तर आधी कळलेलं बरं.

सध्या खिडकीत कॅसेटची टेप लावली आहे. बाबांच्या भजनांच्या कॅसेटी बुरशी लागून बाद झाल्या होत्या. टेप जेमतेम चार मिलिमीटर रुंद, चॉकलेटी, आणि उजेडात काळ्या मोत्यासारखी चमकते. तिची पट्टी आडवी ठेवून दोन्ही कडांनी बारीक टाक्यांनी बांधली. सुई टेपमधून घातली की ती चिरते, बाजूनेच घालावी लागते. ओल्या रुमालाने चोळली तर रुमालाला किंचित तपकिरी लागलं, ते वहीत लिहिलंय. उन्हाचा आज अकरावा दिवस. पुठ्ठा उचलून बघावंसं वाटतं, पण अजून चार दिवस आहेत.